रात्री पाय वळवळतात? आधी फेरिटिन तपासा

सातवा महिना सरला की काही गरोदर बायांना रात्र नकोशी होते. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत आतून वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून ओटीवर चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा तेच. पायात गोळा येतो तेव्हा पोटरी घट्ट होऊन कळ मारते. हे तसं नाही. डॉक्टर याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात.

‘कॅल्शियम कमी झालं’ म्हणून घरचे महागडी बाटली आणतात. पण या त्रासामागे लोहाची कमतरता असू शकते, म्हणून तो पैसा आधी फेरिटिनच्या तपासणीवर खर्च करा. हिमोग्लोबिन ११ च्या वर असलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि तो फेरिटिनमध्येच कळतो. या त्रासात आकडा ७५ च्या खाली असेल तर लोह वाढवण्याचा विचार डॉक्टर करतात. ताप असताना मात्र रक्त देऊ नका, आकडा फसवा येतो.

खासगी लॅबमध्ये फेरिटिनला साधारण ५०० ते ९०० रुपये पडतात. त्याआधी, म्हसळा तालुक्यात राहत असाल तर, तिथल्या सरकारी दवाखान्यात विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची तपासणी मोफत होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी दवाखान्यात औषधं आणि आवश्यक तपासण्यांनाही पैसे लागत नाहीत. फेरिटिन तिथे होत नसेल तर माणगाव किंवा श्रीवर्धनच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा; एसटीला बायकांना अर्धंच तिकीट आहे.

लोहाची लाल गोळी आशाताईंकडे फुकट मिळते. ती चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत घेतली तर नीट अंगी लागत नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा, वर लिंबूपाणी घ्या. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देतात. खासगीत त्याला काही हजार लागू शकतात, म्हणून आधी सरकारी दवाखान्यातच विचारा.

संध्याकाळनंतरचा चहा सोडा. उलटीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी वळवळ वाढते, त्या डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी मनाने घेऊ नका.

एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा तपासणीची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचे पाय शांत होतात. लाल गोळी मात्र बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते, आणि तीही फुकटच मिळते.