मिश्रधातूची चाके व त्यांचा रंग

मोटारीच्या चाकांस घरच्या घरी रंग कसा द्यावा, हा विषय शाळेच्या वार्षिकांकात पाहून काही वाचकांस नवल वाटेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीपाशीच संपला. तथापि आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी आता जुन्या मोटारी येऊ लागल्या आहेत, आणि त्यांची चाके पुष्कळदा लोखंडी नसून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. अशा चाकांच्या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती इतरांकडून घडू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

आमची गाडी समुद्रकाठच्या आमच्या गावाहून बिदरला आली. आमच्या घरची भाषा कोंकणी. खाऱ्या वाऱ्यापुढे लोखंड टिकत नाही, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक. ॲल्युमिनियमला मात्र गंज चढत नाही, अशी आमची समजूत होती. तांबडा गंज चढत नाही हे खरे. पण रंगावर कोठे ओरखडा पडला, की तेथून खारे पाणी आत शिरते आणि रंगाच्या थराखाली पांढऱ्या, नागमोडी रेघा पसरत जातात. आमची चारही चाके अशी झाली होती.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही कामास लागलो. चाके उतरविली, साबणाने धुतली, टायर व रिम यांच्या फटीत पत्त्यांचा जुना कॅट खोचला (ही युक्ती मात्र उत्तम आहे), एका चाकाच्या काठावर केसासारखी रेघ होती तीत लांबी भरली, आणि फवाऱ्याच्या डब्याने चंदेरी रंग मारला. एका सकाळीच काम आटोपले. शेजारी येऊन पाहून गेले. श्रावणात रंगाचे पापुद्रे निघू लागले.

याचे कारण असे. ॲल्युमिनियम उघडे पडताच हवेतील प्राणवायूशी संयोग पावते व त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो. हा थर धातूचे रक्षण करतो. पण अशा गुळगुळीत पृष्ठावर साधा रंग घट्ट धरत नाही. शिवाय चाकावर डांबर, ग्रीस व ब्रेकची धूळ असते. ती नुसत्या साबणाने जात नाही. त्यात भर आमच्या मे महिन्याची! तापलेल्या वाऱ्यात रंगाचे तुषार धातूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अर्धवट वाळतात आणि वाळूसारखे खरखरीत बसतात. वर जांभ्याची तांबडी धूळ. कोकणातला जांभा दगड बिदरच्या पठारावरही भेटावा, याचा आम्हांस एरवी आनंदच वाटतो. त्या दिवशी वाटला नाही.

पुढे नोव्हेंबरात विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही बिदरी कारागिरांकडे गेलो. या कलेस २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. बिदरीचे भांडेही मिश्रधातूचेच; त्यात जस्त फार, तांबे थोडे. ओतीव भांडे प्रथम कानशीने व खरकागदाने घासघासून गुळगुळीत करतात. मग त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्याने तात्पुरता काळेपणा येतो व त्यावर कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. रेघांत चांदीची तार ठोकून बसविली, की पुन्हा घासणे. शेवटी भांडे किंचित तापवून किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप चोळतात. धातू गडद काळा होतो आणि चांदी पांढरी राहते. हा काळा वरून लावलेला रंग नव्हे. तो धातूच्याच पृष्ठावर घडतो, म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत. आमच्या चाकांस असे भाग्य नाही. पण घासण्यात गेलेला तो वेळ पाहून आम्ही मनातून ओशाळलो.

डिसेंबरात काम नव्याने आरंभिले. या वेळी टायरच्या दुकानात टायर काढून घेतले. प्रथम थिनरने ग्रीस पुसले, कारण आधी घासल्यास तेच ग्रीस धातूत चोळले जाते. मग खरकागद: आधी १८०, मग ३२०, शेवटी ४००, आकडा वाढेल तसा कागद बारीक. घासताना पाणी वापरले, म्हणजे धूळ उडत नाही. आता मोरचुदाची युक्ती आठवली. घासलेल्या धातूवर काळ्या रंगाचा नुसता शिडकावा केला व पुन्हा बारीक कागद फिरविला. उंचवट्यावरचा काळा गेला, खळग्यांतला राहिला, आणि कोठे अजून घासावयाचे ते आपोआप कळले. तीन चाके अशी निर्मळ झाली. चौथ्याच्या काठावर एक काळी रेघ काही केल्या जाईना. आम्ही घासत गेलो; ओरखडा असता तर तो केव्हाच निघाला असता. चाक उलटून पाहिले, तो तीच रेघ काठाच्या आतल्या बाजूसही होती.

ती भेग होती. मे महिन्यात आम्ही तीतच लांबी भरून वर चंदेरी रंग दिला होता! त्याच चाकातील हवा दर आठवड्यास कमी होई. पंक्चरवाल्याने दोनदा टायर पाण्यात बुडवून पाहिला व खिळा नाही म्हणून परत दिला. आम्ही हवा भरून मुलाबाळांसह गुलबर्ग्यापर्यंत, म्हणजे आजच्या कलबुर्गीपर्यंत, जाऊन आलो होतो.

उरलेल्या तीन चाकांची हकीकत थोडक्यात. ॲल्युमिनियमला धरणारा खास प्रायमर प्रथम, मग रंग, मग पारदर्शक थर. प्रत्येक वेळी डबा वीतभराहून अधिक, सुमारे २५ सेंटिमीटर दूर धरून पातळ हात, आणि दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटांची उसंत. नट जेथे टेकतात ती जागा व चाक गाडीला जेथे चिकटते तो मधला भाग कागदाने झाकावा. तेथे रंगाचा जाड थर राहिला तर पुढे तो दबतो व नट ढिले पडतात. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत व शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावेत. तोंडावर बाष्पास अडविणारा मुखवटा हवा, हातरुमाल नव्हे. हार्डनर मिसळावयाचा दुपदरी लॅकर घरी मुळीच वापरू नये. त्याचे बाष्प फुप्फुसांस घातक आहे. हे काम मोठ्यांचे. विद्यार्थ्यांनी घासावे, फवारू नये.

चौथ्या चाकाच्या जागी दुसरे विकत घेतले. भेगेचे चाक भंगारात देण्यापूर्वी आम्ही करवतीने त्याचा काठ दोन ठिकाणी आरपार कापविला. भंगारवाल्यास ते रुचले नाही. वेल्डिंग करून, लांबी भरून व रंग देऊन त्याचे दाम अधिक आले असते, असे तो म्हणाला.