अर्ध्या पेनीचे बंड

लहान नाण्यांविषयी आपली भाषा फारशा आदराने बोलत नाही. एखादी वस्तू टाकाऊ ठरली की ती 'कवडीमोल', आणि खर्चाचा मेळ बसला नाही की 'दमडीची कोंबडी नि रुपयाचा मसाला'. परंतु जरा विचार केला तर असे दिसते की, सोन्याची मोहर सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येत असे. मीठ, तेल, सरपण ह्यांचा रोजचा व्यवहार चालत असे तो तांब्याच्या नाण्यावर. म्हणूनच त्या नाण्यात खोट आली, की पहिली झळ बसते ती गोरगरिबांना. आयर्लंडच्या इतिहासात अशाच एका तांब्याच्या नाण्याने, म्हणजे अर्ध्या पेनीने, लंडनच्या सरकारला माघार घ्यायला लावली. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा कर्ता जोनाथन स्विफ्ट ह्याच्याविषयी वाचत असताना हे प्रकरण माझ्या पाहण्यात आले. इतिहास, अर्थशास्त्र आणि साहित्य ह्या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना ते उद्बोधक वाटेल, म्हणून येथे थोडक्यात मांडीत आहे.

प्रथम त्या काळची नाणेपद्धती लक्षात घेऊ. २० शिलिंगांचा एक पौंड आणि १२ पेन्सचा एक शिलिंग. म्हणजे एका पौंडात ४८० अर्ध्या पेन्या होत. आयर्लंडला डब्लिन येथे स्वतःची पार्लमेंट होती, पण टांकसाळ नव्हती. शिवाय १७२० च्या कायद्याने, आयर्लंडसाठी कायदे करण्याचा आपला अधिकार ब्रिटिश पार्लमेंटने उघडपणे जाहीर केला होता. देशात सुट्या पैशांची टंचाई होती, ही गोष्ट खरी. प्रश्न एवढाच होता की, ती टंचाई दूर करायची कोणी आणि कोणाच्या संमतीने?

जुलै १७२२ मध्ये लंडनहून ह्या प्रश्नाचे उत्तर परस्पर देण्यात आले. विल्यम वुड नावाच्या इंग्रज लोखंड-कारखानदाराला आयर्लंडसाठी अर्धी पेनी व पाव पेनी (म्हणजे फार्दिंग) ही तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला. मुदत १४ वर्षे, तांबे ३६० टन. वास्तविक हा मक्ता पहिला जॉर्ज राजा ह्याच्या खास मर्जीतील डचेस ऑफ केंडल हिच्या पदरात पडला होता. तिने तो वुडला १०,००० पौंडांना विकला. डब्लिनच्या पार्लमेंटला कोणी विचारलेसुद्धा नाही. नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस हार्प हे तंतुवाद्य घेऊन बसलेली 'हिबर्निया', म्हणजे आयर्लंडची मूर्ती होती. चित्र आयर्लंडचे, नफा मात्र दुसऱ्याचा!

नफ्याचा हिशेब मी करून पाहिला. वुडला एका रत्तल तांब्यातून ३० पेन्सची नाणी पाडण्याची मुभा होती. एका टनात २,२४० रत्तल, म्हणजे ३६० टनांत ८,०६,४०० रत्तल. त्यांची नाणी १,००,८०० पौंडांची होतात. इंग्लंडात मात्र त्याच एका रत्तलातून फक्त २३ पेन्सची नाणी पाडीत. आयरिश पेनी थोडी स्वस्त होती. इंग्लंडच्या १२ पेन्सना आयर्लंडचे १३ पेन्स पडत. हा फरक धरला तरी इंग्लंडचे २३ पेन्स म्हणजे आयर्लंडचे सुमारे २५. तेव्हा आयरिश माणसाच्या हाती येणारे नाणे इंग्रजाच्या नाण्याहून हलके होते, हे उघड आहे.

१७२३ मध्ये आयरिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी राजाकडे तक्रार केली. १७२४ च्या एप्रिलमध्ये लंडन येथे नाण्यांची परीक्षा झाली. परीक्षकांत टांकसाळीचा प्रमुख म्हणून साक्षात आयझॅक न्यूटन होता! नाणी मक्त्याच्या अटींप्रमाणे आहेत, असा निर्वाळा परीक्षकांनी दिला. न्यूटनच्या निर्वाळ्यानंतर वाद मिटायला हवा होता, पण तो अधिकच पेटला.

ह्याचे कारण स्विफ्टची पत्रे. स्विफ्ट हा त्या वेळी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन होता. १७२४ च्या आरंभापासून त्याने 'एम. बी. ड्रेपियर' ह्या टोपणनावाने, जणू एखादा साधा कापडदुकानदार बोलत आहे अशा थाटात, पत्रके काढली. पहिले पत्र दुकानदार, कारागीर, शेतकरी व सामान्य लोक ह्यांना उद्देशून होते. त्यातील मुद्दा सोपा होता : सोने-चांदीची नाणी घेणे तुम्हांस कायद्याने भाग आहे, तांब्याची नाही, म्हणून वुडचे नाणे हाती घेऊच नका. त्यातील एक उदाहरण मला फार आवडले. कॉनली ह्या बड्या जमीनदाराचे उत्पन्न वर्षाला १६,००० पौंड असेल, तर सहा महिन्यांचा खंड वुडच्या नाण्यांत आणायला त्याला २५० घोडे लागतील, असे स्विफ्ट म्हणतो. ही निव्वळ थट्टा वाटते. परंतु ८,००० पौंडांची नाणी ६४,००० रत्तल भरतात, आणि प्रत्येक घोड्याच्या वाट्याला २५६ रत्तल, म्हणजे सुमारे ११६ किलो ओझे येते. थट्टेमागचे गणित चोख आहे!

लोकांनी नाणे घेण्याचे नाकारले. व्यापारी आणि सावकारही ते न घेण्याचे जाहीर करू लागले. सरकार नरमले : नाणी ४०,००० पौंडांपुरतीच पाडावीत आणि एका वेळी साडेपाच पेन्सहून अधिक घेण्याची कोणावर सक्ती नसावी, अशी तडजोड पुढे आली. परंतु आता प्रश्न तांब्याच्या वजनाचा राहिला नव्हता. ऑक्टोबर १७२४ च्या चौथ्या पत्रात, आयर्लंडचे लोक इंग्लंडच्या लोकांइतकेच स्वतंत्र आहेत आणि असले पाहिजेत, असे स्विफ्टने स्पष्ट मांडले. लेखकाचे नाव सांगणाऱ्यास ३०० पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. लेखक कोण, हे डब्लिनमध्ये सर्वांना ठाऊक होते. बक्षीस घ्यायला कोणीही पुढे आले नाही. मुद्रक जॉन हार्डिंग ह्याला अटक झाली, पण ज्यूरीने खटल्यास संमती दिली नाही. अखेर १७२५ मध्ये मक्ता रद्द झाला. वुडला भरपाई म्हणून वर्षाला ३,००० पौंड, आठ वर्षे देण्याचे ठरले. न खपलेली बरीचशी नाणी पुढे अमेरिकेतील वसाहतींत गेली.

येथे आपल्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. ह्या वादाच्या बरोबर ५० वर्षे आधी, १६७४ मध्ये, शिवराज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील रायगडावर आला होता. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्याच्या मागण्यांत होते. महाराजांचे उत्तर असे होते की, कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची तिच्यावर सक्ती करता येणार नाही. कस व वजन इतर राजांच्या नाण्यांइतके असेल तर ते चालेल. स्विफ्टने ज्या तत्त्वासाठी लेखणी झिजवली, ते येथे राजानेच मान्य केले होते. दोन्ही प्रसंगांची परिस्थिती भिन्न होती हे खरे, परंतु नाणे चालते ते घेणाऱ्याच्या विश्वासावर, हा धडा एकच आहे.

स्विफ्टचे सर्वच म्हणणे मान्य करावे असे नाही. तोट्याचे चित्र त्याने बरेच रंगवले. शिवाय तो ज्या 'संपूर्ण जनते'ला हाक देत होता, तिच्यातील बहुसंख्य कॅथलिकांना त्या काळी राजकीय हक्क जवळजवळ नव्हतेच. तरीही, शस्त्र न उचलता केवळ 'घेणार नाही' एवढ्या शब्दावर एका साम्राज्याचा हुकूम परतवता येतो, हे ह्या प्रकरणाने दाखवले.

पुढे १८२६ मध्ये आयर्लंडचे वेगळे चलन इंग्लंडच्या चलनात विलीन झाले. स्वतंत्र आयरिश अर्धी पेनी पुन्हा दिसली ती १९२८ मध्ये, आयरिश फ्री स्टेटच्या स्थापनेनंतर. कवी डब्ल्यू. बी. येट्स ह्याच्या अध्यक्षतेखालील समितीने निवडलेल्या ह्या नाण्यावर एका बाजूस हार्प आणि दुसऱ्या बाजूस पिलांसह डुकरीण होती. राजाचा मुखवटा नव्हता. गंमत अशी की, चित्रे काढणारा पर्सी मेटकाफ हा इंग्रजच होता आणि नाणी पाडली गेली तीही लंडनच्याच टांकसाळीत! म्हणजे १७२२ मधले आणि १९२८ मधले, दोन्ही नाणी इंग्रज हातांनीच घडवली. फरक इतकाच की, दुसऱ्या वेळी ठरवणारे डब्लिनचे होते. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासाचा अर्थ त्या एका फरकात आहे.

ते डुकरिणीचे नाणे १९६९ मध्ये बाद झाले. १९७१ च्या दशमान पद्धतीत आलेली नवी अर्धी पेनीही १९८७ च्या आरंभी गेली. तिच्यात काही विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. परंतु एके काळी तिला नकार देण्यात केवढी ताकद होती, हे मात्र आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.