लष्करी जीपच्या दिव्यांचे स्विच : खोलण्यापूर्वी समजून घ्या

लिलावातून किंवा हातोहात फिरत आलेली जुनी लष्करी जीप गॅरेजच्या दारात उभी राहिली की मालकाची पहिली तक्रार ठरलेली असते : "इंजिन चालतं, लाइटचं काही खरं नाही." वायरमनही बहुधा एकच उपाय सुचवतो. सगळे जुने काढून टाका, बाजारातला साधा टॉगल स्विच बसवा, मोकळे व्हा. काम अर्ध्या दिवसात होते, मजुरीही मिळते. परंतु ज्या कारागीर बांधवाला अशा गाड्यांचे काम कायम मिळवायचे आहे त्याने तो स्विच असा का बनवला आहे हे आधी समजून घ्यावे. निम्म्या वेळा स्विच बिघडलेलाच नसतो.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धातील विलीज एम.बी. जीप घेऊ. 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. आपल्याकडे युद्धानंतर जीप हा शब्दच घरोघरी पोहोचला. मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी ज्या कंपनीने सुरू केली ती 1945 साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने स्थापन झाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले. असो.

या जीपचा मुख्य लाइट स्विच ओढण्याचा आहे. आत दाबलेला असताना सर्व बंद. पहिल्या टप्प्यापर्यंत ओढला की फक्त 'ब्लॅकआउट' दिवे लागतात, म्हणजे पुढे-मागे मांजराच्या डोळ्यांसारखे बारीक ठिपके. विमानातून दिसू नयेत, पण मागच्या गाडीला अंतर कळावे एवढाच त्यांचा उजेड. येथे स्विच अडतो. पुढे ओढायचा तर बाजूचे लहान बटण दाबावे लागते. अंधारात, घाईत, शत्रूच्या तोंडावर चुकून मोठे दिवे लागू नयेत म्हणून ही अडसर मुद्दाम ठेवलेली आहे. बटण दाबून ओढल्यावर दुसऱ्या टप्प्यात हेडलाइट व मागचा नेहमीचा लाल दिवा लागतो. तिसऱ्या टप्प्यात फक्त ब्रेकचा दिवा चालू राहतो, तो दिवसाच्या प्रवासासाठी.

आता पाहा, बटणाची माहिती नसलेला मालक म्हणतो हेडलाइट लागत नाही. तिसऱ्या टप्प्यात गेला तर म्हणतो लाइट लागून विझला. दोन्ही वेळा स्विच ठणठणीत असतो. आपण नवा स्विच लावून पैसे घेतले तर गिऱ्हाइकाला कधीच कळणार नाही. पण धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा वर आणल्याचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे, तो आपण सर्वांनी जुम्याच्या खुत्ब्यात ऐकलेला आहे. वरून नवी टेप गुंडाळलेली जुनी वायर हा आपल्या धंद्यातला तोच ढीग होय.

खरी दुरुस्ती जिथे लागते तिकडे वळू.

ही गाडी 6 व्होल्टची आहे. 35 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे 70 वॅट, भागिले 6, सुमारे 12 अँपिअर. हाच भार 12 व्होल्टवर 6 अँपिअरपेक्षा कमी झाला असता. करंट दुप्पट, आणि हरवलेल्या प्रत्येक व्होल्टची किंमतही दुप्पट. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. 6 पैकी 1 व्होल्ट वाटेत हरवला तर उजेड जवळपास निम्म्यावर येतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत 5 मीटर वायर धरली आणि ती दीड चौरस मि.मी.ची घातली, तर 12 अँपिअरला एकट्या तांब्यातच सुमारे 0.7 व्होल्ट जातात. चार चौरस मि.मी.ची घातली तर पाव व्होल्ट. म्हणून 12 व्होल्टच्या गाडीचे तयार हार्नेस या जीपला घालू नये. दिसायला छान, रात्री मेणबत्ती.

दोष शोधताना टेस्ट लॅम्पवर विसंबू नका. टेस्ट लॅम्प फार थोडा करंट घेतो, गंजलेल्या सांध्यातूनही तो पेटतो. दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे हेडलाइटच्या प्लसवर लावा. जे व्होल्ट दिसतील ते वाटेत हरवलेले. मग एकेक सांधा पुढे सरकत जा : अॅमीटर, स्विच, पायाचा डिमर, जोडपट्टी. तसेच बॅटरीच्या मायनसपासून दिव्याच्या बॉडीपर्यंत मोजा. या गाड्यांवर रंगाचे थर इतके चढलेले असतात की अर्थिंग रंगातच अडकते, आणि शिव्या बिचाऱ्या स्विचला बसतात. प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाका, बोल्टखालचा रंग खरवडून.

काही खोलण्यापूर्वी बॅटरीचा मायनस काढाच. अॅमीटरच्या मागचे नट उघडे असतात आणि बॅटरीपासून तिथपर्यंत फ्यूज नाही. एक पाना पत्र्याला टेकला की वायर जळून सीटपर्यंत धूर येतो.

स्विचला जोडलेला एक सर्किट ब्रेकर असतो. शॉर्ट झाला की तो तापून तुटतो, थंड झाला की आपोआप जुळतो. त्यामुळे हेडलाइट ठराविक वेळाने विझतात आणि लागतात. "लाइट डोळे मारतात" अशी तक्रार आली तर समजा ब्रेकर आपले काम चोख करीत आहे आणि वायर कुठेतरी घासली आहे. ब्रेकरच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून दिवे स्थिर करणारे कारागीर आपल्यात आहेत. तो तुकडा म्हणजे गाडी पेटवण्याची वात.

स्विचचे संपर्क काळे पडले असतील तर साफ होतात. ते पुन्हा काळे पडू नयेत म्हणून हेडलाइटचा करंट स्विचमधून नेऊच नये. दोन रिले बसवा, एक अपरला, एक डिपरला. एक गेला तर दुसरा रस्ता दाखवील. पायाच्या डिमरमधून येणाऱ्या दोन वायरी दोन रिलेंच्या 86 वर, 85 अर्थला, 87 दिव्यांना, आणि 30 वर फ्यूजमधून आलेला सप्लाय. रिलेची कॉइल 6 व्होल्टचीच हवी. 12 ची कधी खेचते, कधी नाही.

हा सप्लाय कुठून घ्यायचा, येथे बरेच जण चुकतात. सरळ बॅटरीच्या खांबावरून घेतला तर दिव्यांचा भार अॅमीटरला उलटा दिसतो. डायनमो चालू असताना दिव्यांकडे जाणारा करंटही काटा चार्जिंग म्हणून दाखवतो, मालक निर्धास्त होतो आणि पहाटे सेल्फ फिरत नाही. अॅमीटरच्या ज्या बाजूला डायनमो व स्विच जोडलेले आहेत त्या बाजूने सप्लाय घ्या. फ्यूज सप्लायच्या सुरुवातीलाच, 15 किंवा 20 अँपिअरचा.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. या जीपच्या मागे दोन दिवे दिसतात, पण नेहमीचा लाल दिवा व ब्रेकचा दिवा फक्त डावीकडे आहे. उजव्या डब्यात केवळ ब्लॅकआउटचे दिवे. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, मागचा डावीकडून पुढे जातो, म्हणून डावीकडचा दिवा त्याच्या समोर येतो. आपल्याकडे नेमके उलट. रात्री मागच्या ट्रकवाल्याला कडेला एक लाल ठिपका दिसतो. तो समजतो मोटारसायकल आहे आणि उजवीकडून निघतो, जिथे जीपचा अर्धा भाग अंधारात असतो. गिऱ्हाइकाने सांगितले नसले तरी हे काम त्याला सांगून कराच. डाव्या दिव्याच्या दोन वायरी, टेलची आणि ब्रेकची, उजवीकडे ओढून तेथे 6 व्होल्टचा दोन तारांचा बल्ब असलेला दिवा बसवा. नंबर प्लेटचा पांढरा दिवाही पाहा.

गाडी 12 व्होल्टवर न्यायची असेल तर ती अर्धवट नेऊ नका. सर्व बल्ब, इग्निशन कॉइल, डायनमो आणि त्याचा कटआउट बदलावे लागतात आणि पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करून द्यावे लागते. 1950 नंतरची अमेरिकन एम-38 जीप 24 व्होल्टची आहे, तिचे सामान या गाडीला चालत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचले आहे. म्हणून मोठा बदल असेल तर मालकाला आधी आर.टी.ओ.कडे पाठवा.

काढलेला जुना स्विच, ब्लॅकआउटचे डबे, पितळी जोड, सगळे पिशवीत घालून मालकाच्या हाती द्या. तो त्याचा माल आहे, आपल्याकडे अमानत होता. जुन्या जीपच्या शौकिनांत मूळ स्विचला नव्यापेक्षा जास्त भाव येतो, हे मालकाला ठाऊक नसेल तर आपण सांगावे. पिशवीसोबत कागदावर कोणत्या रंगाची वायर कुठे गेली याचा आराखडा काढून द्या आणि त्याची एक प्रत दुकानात ठेवा. पुढच्या वेळी गाडी आली की तीच उपयोगी पडते.