पासवर्ड उधार मिळणार नाही

ढाणकीसारख्या गावात ऑफिस म्हणजे तीन-चार टेबलं, एक प्रिंटर आणि एकच बरा चालणारा कॉम्प्युटर. नगरपंचायत असो की पतसंस्था, त्या कॉम्प्युटरवर हक्क सगळ्यांचा. साहेब मीटिंगला उमरखेडला गेले की त्यांचा पासवर्ड ऑपरेटरकडे, ऑपरेटर जेवायला गेला की शिपायाकडे. शिवाय मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असतेच. कामाच्या वेळी क्रिकेटचा स्कोअर पाहणाऱ्यावर आपण ओरडतो. पण खरा घोळ त्या चिठ्ठीत असतो.

काय टाळावे

• पासवर्ड उधार देणे. २०२५ च्या शेवटी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं, आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी गाजलं. हजार-दीड हजार वस्तीचं गाव, आणि त्या ग्रामपंचायतीच्या आयडीवर तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी! पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आयडी ज्याच्या नावावर असतो, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

• डिजिटल सहीचं टोकन कॉम्प्युटरला लावून ठेवणे. ती सही आहे. पेन विसरावं तशी विसरू नये.

• कुणाचाही पेनड्राइव्ह लावणे. लग्नपत्रिकेची प्रिंट, पोराचा प्रोजेक्ट, झेरॉक्सवाल्याकडून आलेली फाइल: व्हायरस याच वाटेने शिरतो. फुकटचं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर त्याहून वाईट.

• ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडं ठेवून जाणे. लोकांच्या आधारच्या प्रती त्यात पडून राहतात आणि तुमच्या घरच्या गप्पाही.

• एकाच माणसाला एकाच खुर्चीवर वर्षानुवर्षे बसवणे. मुंबईत पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा २०१८ मध्ये बाहेर आला. रक्कम १३ हजार कोटींच्या वर गेली. ज्या उपव्यवस्थापकावर आरोप आहे, तो २०१० पासून निवृत्तीपर्यंत तिथेच होता. परदेशी संदेश पाठवणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बँकेच्या मुख्य प्रणालीशी जोडलेलीच नव्हती, त्यामुळे गेलेल्या संदेशांचा ताळा खात्यांशी लागत नव्हता. आपल्या पतसंस्थेत कोटी नसतील, पण ‘तोच एक जाणकार’ असतोच. त्याला वर्षातून सलग आठ दिवस रजेवर पाठवा. लपवलेलं असेल तर त्याच आठ दिवसांत वर येतं.

काय करावे

• आधी कारण शोधा. काम नसेल तर माणूस रमी खेळतो. माहिती नसेल तर कुठल्याही लिंकवर बोट ठेवतो. आणि पगार रखडला की? राज्यातले ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक मानधनासाठी वर्षानुवर्षे आंदोलनं करत आले आहेत. गावाचे सगळे दाखले ज्याच्या हातून निघतात, त्याला महिनोन्महिने ताटकळत ठेवायचं आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा करायची, हा संस्थेचाच बेजबाबदारपणा. चुकणाऱ्याला यामुळे माफी मिळू नये, पण कुलूप लावण्याआधी पगार वेळेवर करा. ते स्वस्त पडतं.

• एका पानावर, मराठीत, नियम लिहा. जेवणाच्या सुट्टीत स्कोअर पाहिला तर चालेल, पैशाचे ऑनलाइन खेळ नाहीत (ते २०२५ च्या कायद्याने देशभर बंदच आहेत), दाखल्यांच्या प्रती घरी न्यायच्या नाहीत. खाली प्रत्येकाची सही घ्या. सगळंच बंद केलं की लोक चोरून करतात.

• प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या आणि सॉफ्टवेअर टाकण्याचा अधिकार एकाकडेच ठेवा. पैशाची किंवा दाखल्याची नोंद एकाने भरावी, दुसऱ्याने मंजूर करावी. दोघं एकाच खोलीत बसत असले तरी!

• लक्ष ठेवणार असाल तर सांगून ठेवा. कोणी कधी काय उघडलं याची नोंद महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर पाहा. गुपचूप पाळत ठेवलेली कळली की ऑफिसातला विश्वास संपतो आणि चांगला माणूस आधी सोडून जातो.

• नोकरी सोडणाऱ्याचा आयडी त्याच दिवशी बंद करा. निरोपाचा नारळ देण्याआधी.

• घोळ दिसला की झाकू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, ‘सर्ट-इन’च्या, २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालयांनी आणि कंपन्यांनी सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. आपल्याकडे पहिले सहा तास ‘कोणाला सांगू नका’ म्हणण्यात जातात.

• लाइट गेली म्हणून सगळे चहाला निघतात आणि यूपीएसवर कॉम्प्युटर चालूच असतो, साहेबांच्या लॉगिनसकट. खुर्ची सोडताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबून स्क्रीन लॉक करा, मग निघा.