मोठे छायाचित्र आणि त्याचा कागद



भारतातील पहिले छपाईयंत्र १५५६ साली आपल्या गोव्यात आले, हे तुम्ही इतिहासात वाचलेच आहे. त्या काळी खिळे जुळवीत, त्यांना शाई लावीत आणि त्यांवर कागद दाबीत. आजच्या छायाचित्र छापणाऱ्या यंत्रात खिळेही नाहीत आणि दाबही नाही. केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडतात आणि पाहता पाहता चित्र उभे राहते. यंत्र इतके बदलले, पण कागदाचा स्वभाव काही बदलला नाही. या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे माझ्या हातून एक नुकसान घडले. ती हकीकत व तिच्यातून मिळालेला धडा तुमच्यापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या शाळेत जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावयाचे ठरले होते. मुलांनी घरोघरच्या पेट्या उघडून चित्रे आणली. त्यांत शाळेच्या पहिल्या वर्गाचेही एक चित्र होते. ते होते जेमतेम तळहाताएवढे आणि त्याखाली एकाही मुलाचे नाव लिहिलेले नव्हते. ही चित्रे मोठी करून छापावी असे ठरले आणि यंत्र निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मी कलाशाखेची पदवीधर. यंत्रविद्येशी माझा परिचय बेताचाच. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मी चार प्रश्न कागदावर लिहून काढले.

पहिला प्रश्न आकाराचा. ही यंत्रे त्यांत मावणाऱ्या कागदाच्या रुंदीवरून ओळखली जातात. १७ इंच, २४ इंच आणि ४४ इंच या नेहमी आढळणाऱ्या रुंदी होत. गुंडाळीचा कागद हवा तेवढा लांब तोडता येतो, परंतु रुंदी मात्र वाढविता येत नाही. तेव्हा भिंत केवढी, पाहणारा किती अंतरावर उभा राहणार, याचा विचार आधी करावा. येथे थोडे गणित उपयोगी पडते. २४ इंच रुंद व ३६ इंच उंच चित्रात प्रत्येक इंचाला ३०० बिंदू हवे असतील, तर एका बाजूस ७,२०० व दुसरीस १०,८०० बिंदू लागतात. त्यांचा गुणाकार सुमारे पावणेआठ कोटी होतो. इंचाला १५० बिंदू धरले, तर हीच संख्या एकचतुर्थांशावर येते. आणि चार पावलांवरून पाहावयाच्या चित्राला तेवढे बहुधा पुरतात. मात्र मूळ चित्रात जो तपशील नाही, तो कितीही मोठ्या यंत्राने निर्माण होत नाही.

दुसरा प्रश्न शाईचा. साखर पाण्यात विरघळून दिसेनाशी होते. गेरू कितीही ढवळला तरी त्याचे कण कणच राहतात. शाईचेही असेच दोन प्रकार आहेत. विरघळणाऱ्या रंगाची शाई तेजस्वी दिसते, पण सामान्यतः प्रकाशात ती लवकर फिकी पडते. रंगकणांची शाई अधिक काळ टिकते. १९९१ साली अमेरिकेत ग्रॅहॅम नॅश हा गायक आणि मॅक होल्बर्ट यांनी नॅश एडिशन्स ही मुद्रणसंस्था स्थापिली. तेथे आयरिस नावाच्या यंत्रावर, फिरत्या नळकांड्याभोवती कागद गुंडाळून, कलाकृती म्हणून छायाचित्रे छापली जात. त्या यंत्राच्या आरंभीच्या शाया मात्र उजेडात लवकर उडत. चित्र सुंदर असणे पुरेसे नाही, ते टिकलेही पाहिजे, ही जाणीव त्या अनुभवाने तीव्र झाली. आम्हांस वर्षानुवर्षे भिंतीवर राहणारी चित्रे हवी होती, म्हणून आम्ही रंगकणांची शाई पसंत केली.

तिसरा प्रश्न असा की, यंत्र गुंडाळी व सुटा ताव दोन्ही घेते काय, आणि किती जाड कागद घेते? वहीचा कागद चौरस मीटरला साधारण ५० ते ७० ग्रॅम भरतो. छायाचित्राचा कागद बहुधा २०० ते ३०० ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही भारी असतो. एवढ्या जाड कागदाला यंत्रात वळणे घेत जाणे मानवत नाही. त्याला सरळ मार्ग लागतो.

चौथा प्रश्न नित्याच्या खर्चाचा. यंत्र निजून राहिले की छिद्रांत शाई वाळते आणि ती मोकळी करण्यात आणखी शाई खर्च होते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी काही छापावे. ज्याला वर्षातून दोनच चित्रे छापावयाची आहेत, त्याने यंत्र न घेता ती बाहेरून छापून घ्यावी, हेच शहाणपणाचे.

आता कागदाकडे वळू. लांबट चित्रे किंवा एकाच आकाराची पुष्कळ चित्रे छापावयाची असतील, तर गुंडाळी सोयीची व स्वस्त पडते. परंतु गुंडाळीतील कागदाला वळणाची सवय जडलेली असते, आणि गाभ्याजवळ हे वळण अधिकच घट्ट होते. सुटा ताव सपाट असतो. कापसाच्या तंतूंपासून केलेल्या भारी कागदाला तो विशेष योग्य. मात्र त्याचे कोपरे दुमडतात आणि जाड ताव एकेक करूनच घालावा लागतो.

कागदाच्या ज्या बाजूवर लेप असतो, तीच छापावयाची. ती डोळ्यांना ओळखू आली नाही, तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावावे. लेपाची बाजू बोटाला चिकटते. मधल्या भागास बोट लावू नये. बोटांचे तेल कागदावर डाग ठेवते. सुती हातमोजे घालून ताव दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कडांना धरून उचलावा. कापसाच्या कागदावरील सुटे तंतू मऊ कुंचल्याने झाडावेत. नाहीतर तंतूवर शाई पडते, मागाहून तो गळतो आणि चित्रात पांढरा ठिपका उरतो. गुंडाळी दांड्यावर चढविताना तिची कड टोकाच्या चकतीस पूर्ण भिडली पाहिजे. थोडी फट राहिली, तरी कागद तिरपा चालतो.

हे सर्व मी वाचले होते आणि मुलांस सांगितलेही होते. तरीदेखील आषाढातील एका शनिवारी, घरी जाण्याच्या घाईत, मी गुंडाळी यंत्रावर उघडीच ठेवून गेले. पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेल्या पापडाचे काय होते, हे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. कागदही तसाच हवेतील ओल पितो. सोमवारी त्याच्या कडा लाटांसारख्या उचलल्या होत्या. तिकडे लक्ष न देता मी पहिल्या वर्गाचे चित्र छापावयास लावले. शाईचे शीर्ष उचललेल्या कडेस घासले आणि पुढच्या रांगेतील मुलांच्या चेहऱ्यांवरून एक काळा पट्टा उमटला. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता.

त्यानंतर आम्ही नियमच केला. काम संपले की गुंडाळी काढून तिच्या मूळ पिशवीत घालावयाची व पिशवीचे तोंड बंद करावयाचे. नवा कागद आणला की तो पिशवीतच ठेवून खोलीच्या हवेला स्थिरावू द्यावयाचा. खोलीतील आर्द्रता शेकडा ४० ते ६० असावी. जाड कागदासाठी शीर्षाची उंची वाढवून घ्यावयाची. छापलेले चित्र एक दिवस मोकळ्या जागी सपाट वाळू द्यावयाचे, मगच काचेमागे बसवावयाचे. अन्यथा शाईतील वाफ काचेच्या आतल्या बाजूस धुके धरते.

नव्या कागदावर ते चित्र पुन्हा छापले. प्रदर्शनाच्या दिवशी एका विद्यार्थ्याची पणजी काठी टेकीत आली आणि त्या चित्रापुढे थांबली. तळहाताएवढ्या चित्रात तिला काहीच दिसले नसते. मोठ्या चित्रात तिने पुढच्या रांगेतील दोन मुले ओळखली. त्यांतला एक तिचा थोरला भाऊ होता. ती नावे आम्ही त्याच दिवशी चित्राखाली लिहिली. ती दोन्ही मुले नेमकी त्या काळ्या पट्ट्याखाली सापडली होती.

मित्रहो, यंत्र पैसे देऊन मिळते. कागद सांभाळण्याची शिस्त मात्र हाताला लावून घ्यावी लागते. तुमच्या घरच्या पेटीतही असे एखादे लहानसे, नाव नसलेले चित्र असेल. ते मोठे करून छापा, आणि ज्यांना नावे आठवतात अशी माणसे आहेत तोवर त्यांच्यापुढे धरा.