आभासी जगाला वर्गांक देताना

बीड जिल्ह्यातल्या ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयातही आज मुलगा येऊन विचारतो, ‘माइनक्राफ्टवर काही आहे का?’ त्याला हात हलवत परत पाठवू नये. ड्युईची दशांश पद्धत, एक नवी वही आणि इंटरनेट असलेला फोन एवढ्यावर अशा आभासी जगाची नोंद करण्याचे काम होते.

आधी त्या जगात स्वतः शिरा. अर्धा तास तरी फिरा, आणि ते खेळणाऱ्या एखाद्या तरुण सभासदाला शेजारी बसवा. जाहिरात वाचून वर्गांक देऊ नका. ते कोणी बनवले, कोणत्या वर्षी आणि लोक आत नेमके काय करतात, हे टिपून घ्या.

मग ठरवा की हातात आहे ते त्या जगाबद्दलचे पुस्तक आहे की ते जगच. पुस्तक असेल तर नेहमीसारखे दाखल करा. जग असेल तर त्याला दाखल नोंदवहीत घेऊ नका, कारण ते आपल्या मालकीचे नाही. त्यासाठी ती नवी वही.

आता वर्गांक. येथे घाई करू नये. माइनक्राफ्ट (2011) हा खेळ, म्हणून 794.8. पण लिंडन लॅबचे सेकंड लाइफ (2003) पाहा: तिथे जिंकणे-हरणे नाही; लोक भेटतात, वस्तू विकतात, वर्ग भरवतात. त्याला खेळात ढकलणे मला चुकीचे वाटते; त्याची जागा समाजशास्त्रात, डिजिटल माध्यमांच्या 302.231 मध्ये. अशी जगे बांधण्याचे तंत्र शिकवणारे साहित्य मात्र 006.8 खाली जाईल.

खरी कसोटी पुढे आहे. मोठ्या जगाच्या आतली एखादी जागा स्वतंत्र विषयाची असते. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने मार्च 2020 मध्ये माइनक्राफ्टच्या आत ‘अनसेन्सर्ड लायब्ररी’ उभारली आणि ज्या देशांत पत्रकारांचे लेख दडपले जातात तिथले लेख तिच्यात ठेवले. तिला 794.8 दिला, तर पत्रकारितेचा अभ्यासक तिच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. तिचा विषय प्रकाशनस्वातंत्र्य, म्हणून 323.445, ‘माइनक्राफ्टमध्ये’ ही नोंद खाली. हा प्रश्न नवा नाही: आपल्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी वेदान्तावरचे ‘पंचीकरण’ सुमारे 40 फूट लांब कापडावर, म्हणजे पासोडीवर, लिहिले. ती पासोडी आपण वस्त्रोद्योगाखाली घालणार आहोत का? ती वेदान्तातच, 181.48 मध्ये, कापड हे तिचे रूप, आणि रूपाची नोंद वेगळ्या ओळीत. आभासी जगालाही हाच न्याय लावा.

वर्गांक ठरला की वहीत पत्ता, पाहिल्याची तारीख, भाषा, किमान वय, पैसे लागतात का आणि कोणते उपकरण हवे, हे लिहा. साध्या फोनवर चालते की नाही, हे जरूर लिहा. रेंज तुटणाऱ्या गावातल्या वाचकाला तेच आधी हवे असते. विषयशीर्षक मराठीत द्या. ‘संगणकीय खेळ’, ‘आभासी जग’ असे शब्द ठरवून घ्या आणि मग दर वेळी तेच वापरा, नाहीतर एकच विषय तीन ठिकाणी विखुरतो.

नोंद नुसती वहीत राहिली तर कोणाला दिसणार? त्या वर्गांकाच्या पुस्तकांमध्ये पुस्तकाच्या मापाचा पुठ्ठा उभा करा. त्यावर नाव, वर्गांक आणि क्यूआर कोड चिकटवा. कपाटाशी आलेल्या मुलाला पुस्तक आणि जग शेजारी सापडतील.

दर सहा महिन्यांनी प्रत्येक पत्ता उघडून पाहा. गुगलने ‘लाइव्हली’ नावाचे आभासी जग जुलै 2008 मध्ये सुरू केले आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर बंद केले. असे झाले तर पुठ्ठा काढा, पण नोंद खोडू नका. तिच्यापुढे ‘बंद’ आणि तारीख लिहा, आणि त्या जगावर पुस्तक किंवा लेख मिळत असेल तर त्याचा वर्गांक शेजारी टाका.