खाट उचलणारे चौघे



संत मार्कच्या शुभवर्तमानात (2:1-12) कफर्णहूम येथील पक्षाघाती माणसाची कथा आहे. त्याला स्वतःच्या पायांनी प्रभू येशूकडे येता येत नव्हते. चौघांनी त्याची खाट उचलली आणि गर्दीमुळे वाट मिळेना, तेव्हा छप्पर उघडून त्याला खाली सोडले. प्रभूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला.

आज उपचाराविना राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह अनेकांना त्याच खाटेवर आणून टाकतात. हे आजार सुरुवातीला दुखत नाहीत. माणूस कामावर जात राहतो आणि पक्षाघात झाल्यावर किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यावर घरच्यांना कळते. मग कमावता हात थांबतो आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा औषधांत जातो.

मुंबई महापालिकेने 2021 मध्ये 18 ते 69 वयोगटातील मुंबईकरांची पाहणी केली. शंभरांत 34 जणांना उच्च रक्तदाब होता. 18 जणांची उपाशीपोटीची साखर वाढलेली होती. माणशी रोजचे मीठ सरासरी 8.6 ग्रॅम भरले. ते 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नसावे.

पण आशा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांचा तीन वर्षे अभ्यास केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीसारखे राहणाऱ्यांत शंभरांत 55 जणांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणाऱ्या व आहार सांभाळणाऱ्यांत 39 जणांना झाला.

मंडाळा असो, महाराष्ट्र नगर असो की लल्लूभाई कंपाउंड, आपल्या प्रत्येक प्रार्थनासमूहाने असे चौघे निवडावेत. त्यांची कामे साधी आहेत:

1. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा पालिकेच्या दवाखान्यात तपासणीस नेणे. रक्तदाब 140/90 किंवा उपाशीपोटीची साखर 126 वा अधिक आल्यास डॉक्टरांकडून पुन्हा खात्री करून घेणे.

2. मिठाचा हिशेब ठेवणे. चौघांच्या घरात महिन्याला किलोभर मीठ संपत असेल तर ते फार झाले. पापड, लोणचे, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठ वेगळेच.

3. एकट्याने चालायचा कंटाळा येतो, बायकांना संकोच वाटतो. म्हणून गटाने चालणे.

4. बरे वाटले म्हणून कोणी गोळ्या बंद केल्या का, हे प्रेमाने विचारणे. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

समूहात चर्चेसाठी: आपल्या समूहात कोणाची तपासणी कधीच झालेली नाही? सणाच्या व प्रार्थनासभेनंतरच्या अल्पोपाहारात आपण काय बदलू शकतो?

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल आपल्याला शिकवतो (1 करिंथ 6:19). शेजाऱ्याचे शरीरही तसेच मंदिर आहे. त्याची खाट उचलण्याची वेळ येण्याआधीच त्याचा हात धरण्याची कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.